तक्रारीचा पत्ता

अर्धांगवायूनंतर उजवा हात लुळा पडलेल्या एका बाईंना डाव्या हाताने आंघोळ करायला शिकवायचं आहे. शिकवणारी व्यक्ती घरी येते. न्हाणीघराचं दार लोटलं जातं. आत एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला नुकताच बसवलेला दांडा, ओली फरशी आणि दोन माणसं. घरचे बाहेर बसलेले. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही आणि दिसू नये अशीच त्यांचीही इच्छा असते. बाईंचा तोल गेला तर सावरायला एकच हात जवळ आहे, आणि तो हात चार दिवसांपूर्वी पूर्ण अनोळखी होता.

त्या खोलीत मी बरीच वर्षं काम केलं आहे. व्यवसायोपचारतज्ज्ञांची नोंदणी, त्यांची आचारसंहिता असा विषय निघाला की मला आधी ते लोटलेलं दार आठवतं. आत आलेल्या माणसाचं शिक्षण काय? ते कोणी तपासलं? आणि आत काही बरंवाईट झालं तर त्या बाईंनी कोणाला सांगायचं? पहिल्या दोन प्रश्नांवर आमच्या व्यवसायात तासन् तास चर्चा होतात. तिसरा निघाला की सगळ्यांना घरी जायची घाई होते. माझं म्हणणं असं की नोंदणीची गरज मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. ज्या नोंदणीतून त्याचं उत्तर मिळत नाही, ती आमच्या दवाखान्याच्या भिंतीची शोभा आहे, इतकंच.

आधी नावाबद्दल थोडं. 'व्यवसायोपचार', म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी किंवा 'ओटी', हा शब्द आम्हालाच धड समजावता येत नाही. 'व्यवसाय' म्हटलं की ऐकणाऱ्याला धंदा-नोकरी आठवते, 'ओटी' म्हटलं की ऑपरेशनची खोली. मूळ कल्पना सोपी आहे. उठणं, नहाणं, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं, कामावर जाणं अशा ज्या गोष्टींनी माणसाचा दिवस भरलेला असतो, त्या आजाराने, अपघाताने, वयाने किंवा जन्मतःच्या अडचणीने हातून सुटल्या असतील तर त्या पुन्हा करता याव्यात. पूर्वीसारख्या येत नसतील तर वेगळ्या रीतीने, वेगळ्या साधनाने याव्यात. फिजिओथेरपिस्ट गुडघा किती अंशांत वाकतो ते बघतात, आम्ही त्या गुडघ्याने संडासात बसता येतं का ते बघतो. हे फार ढोबळ झालं, फिजिओथेरपीतले मित्र रागावतील. पण नातेवाइकांना मी असंच सांगते आणि त्यांना ते कळतं.

म्हणजे आमचं काम माणसाच्या सगळ्यात खासगी जागांमध्ये चालतं. डॉक्टर रुग्णाला टेबलावर तपासतात, आम्ही त्याच्या पलंगाजवळ, मोरीत, शाळेच्या बाकावर, कधी त्याच्या पैशांच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोचतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला बँकेचे व्यवहार अजून जमतात का, हे ठरवणं हाही आमच्या मूल्यमापनाचा भाग असतो. त्याची सही, त्याचा पासवर्ड, त्याच्या सुनेबद्दलची त्याची तक्रार, सगळं आमच्या कानावर पडतं.

या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी स्थापन झाली. बैठक भरवणारे जॉर्ज एडवर्ड बार्टन वास्तुरचनाकार होते. क्षयाने त्यांना गाठलं होतं, नंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली होती, आणि हाताने बागकाम, सुतारकाम करत ते पुन्हा उभे राहिले होते. आमच्या पहिल्या बैठकीचा यजमान स्वतः रुग्ण होता, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे नियम करणाऱ्या समित्या बसल्या तेव्हा मात्र त्यांत रुग्णाची खुर्ची बराच काळ नव्हती.

नोंदणीची मागणी व्यवसायातूनच येते, आणि ती बहुतेक वेळा मानासाठी येते. 'आम्हालाही परिषद हवी, आमच्याही नावामागे क्रमांक हवा, डॉक्टरांच्या मागे मागे किती दिवस चालायचं?' ही भावना खोटी नाही, मीही ती बाळगलेली आहे. पण मानासाठी मागितलेली नोंदणी मानापुरतीच मिळते. ब्रिटनमध्ये हे घडलेलं आहे. तिथे १९६० मध्ये वैद्यकाला पूरक समजल्या गेलेल्या सात व्यवसायांसाठी कायदा झाला. व्यवसायोपचार त्यांतला एक. कायद्याने 'राज्य-नोंदणीकृत' हे बिरुद राखून ठेवलं. सरकारी आरोग्यसेवेत नोकरी हवी तर ते लागायचं. पण खासगीत कोणीही उठून स्वतःला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणवून घेतलं तर त्याला अडवायची सोय नव्हती. आणि नोंदलेल्या माणसाने गैरवर्तन केलं तर मंडळाच्या हातात शिक्षा एकच, नाव काढून टाकणं. आता विचार करा, ज्याच्या हातात फक्त कुऱ्हाड आहे तो काय करणार? क्वचित कुऱ्हाड चालवणार, एरवी सोडून देणार. मधल्या सगळ्या चुका, म्हणजे निष्काळजी नोंदी, गोपनीय गोष्ट बाहेर बोलणं, येत नसलेलं काम करायला घेणं, या फटीतून निसटून जाणार.

२००२ मध्ये तिथे नोंदणीसाठी नवी परिषद आली आणि पुढे पदनामालाच कायद्याचं संरक्षण मिळालं. आज तिच्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे. शिक्षेच्या पायऱ्या झाल्या: ताकीद, अटींवर काम, एक वर्षापर्यंत निलंबन, आणि शेवटी नाव काढणं. नाव काढलं गेलं की पाच वर्षं परत अर्जही करता येत नाही. सुनावण्या सहसा खुल्या असतात, निकाल प्रसिद्ध होतात, आणि निवाडा करणाऱ्या समितीवर व्यवसायाबाहेरचा सदस्य बसतो. मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा बाहेरचा सदस्य. आम्हा आम्हीत 'दमला असेल बिचारा, एवढे रुग्ण बघतो' असं म्हणून जे झाकलं जातं, ते त्याच्यासमोर झाकता येत नाही. तो फक्त एवढंच विचारतो, 'ते ठीक आहे, पण आजोबा पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?'

आता विरोधी बाजू. पहिला आक्षेप नेहमीचा: चांगलं काम करणाऱ्याला नोंदणीची गरज काय, लोक तोंडी सांगतातच की. शिंप्याच्या बाबतीत मी हे मान्य करीन. सदरा आखूड झाला तर घालणाऱ्याला आरशात दिसतो आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या शिंप्याकडे जातो. आमच्याकडे हा हिशेब बसत नाही. अर्धांगवायूनंतर पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपला आपणही बराच सावरतो. त्या काळात उत्तम थेरपिस्ट लाभला तरी हात हलायला लागतो, आणि सुमार लाभला तरी काही प्रमाणात हलतोच. श्रेय दोघांनाही मिळतं. उलट पार्किन्सन्ससारख्या वाढत जाणाऱ्या आजारात सगळ्यात कुशल थेरपिस्टचं यश म्हणजे जे वर्षभरात जाणार होतं ते दीड वर्ष टिकवणं. घरच्यांना दिसतं ते एवढंच की बाबांचं रोज थोडं थोडं कमीच होतंय. म्हणजे वाईट काम चांगलं दिसू शकतं आणि चांगलं काम वाईट. अशा ठिकाणी तोंडी कीर्तीवर विसंबून राहणं म्हणजे अंधारात रंग निवडणं.

शिवाय तक्रार करणार कोण? आमचे रुग्ण कोण असतात ते बघा. अजून न बोलणारं मूल. स्मृतिभ्रंश झालेली आजी, जिच्या सांगण्यावर घरात कोणी विश्वास ठेवत नाही. मणक्याला इजा झालेला तरुण, ज्याला पाणी पिण्यासाठीही त्याच माणसावर अवलंबून राहावं लागतं ज्याच्याबद्दल तक्रार करायची आहे. मानसिक आजारातून सावरणारी बाई, जिचं प्रत्येक गाऱ्हाणं आजाराच्या खात्यात टाकलं जातं. जो समाजात सगळ्यात कमी ऐकला जातो तोच आमच्या दारात सगळ्यात जास्त येतो. आणि पैसे भरणारा बहुतेक वेळा दुसराच असतो: मुलगा, विमा कंपनी, शाळा, सरकार, मालक. गिऱ्हाईक एक आणि रुग्ण दुसरा, अशा धंद्यात बाजार कोणाचं ऐकेल हे सांगायला नको.

आमच्या नीतीचा खरा कस याच दुहीत लागतो. लाच आणि विनयभंग यांवर कोणाचं दुमत नसतं, ती प्रकरणं भयंकर असली तरी विचार करायला सोपी असतात. अवघड असतं ते साध्या सरळ अहवालात. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा. शस्त्रक्रिया झाली, चालायला लागले, जिन्यावर अजून डळमळतात. त्यांना स्वतःच्या घरी जायचंय, दुसऱ्या मजल्यावर. रुग्णालयाला खाट मोकळी हवी आहे. मुलीला वाटतं वडील वृद्धाश्रमात गेले तर बरं, कारण तिला रात्री झोप हवी आहे, आणि ही अपेक्षा काही पाप नाही. या तिघांच्या मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञाचा दोन पानी अहवाल ठेवलेला असतो. 'स्वतंत्रपणे राहू शकतात' की 'देखरेखीशिवाय राहणं सुरक्षित नाही', या दोन वाक्यांपैकी कोणतं लिहायचं यावर एका माणसाची उरलेली वर्षं कुठे जातील ते ठरतं. आणि अहवाल लिहायच्या आदल्या दिवशी व्यवस्थापनाकडून फोन येतो: 'उद्या सोडता येईल असं लिहून टाका ना, बाकी सगळं तयार आहे.'

अशा वेळी आचारसंहितेचा उपयोग काय? त्यात उत्तर छापलेलं नसतं. पण फोनवर बोलायला एक वाक्य मिळतं: 'मी न तपासता लिहिलं तर माझी नोंदणी जाईल.' नोकरीत असलेल्या माणसाला हे वाक्य किती मोलाचं असतं ते नोकरी केलेल्यालाच कळेल. त्या एका वाक्याने नकार हट्टाचा राहत नाही, नियमाचा होतो. साहेबालाही तो वर सांगता येतो. आमच्यातले काही जण आचारसंहितेकडे आपल्यावर उगारलेली छडी म्हणून बघतात. मी तिच्याकडे ढाल म्हणूनही बघते, कारण नोंदणी नसलेल्या माणसाला असा नकार देताना स्वतःच्या धाडसाशिवाय आधार नसतो, आणि महिनाअखेरीला धाडस कमी पडतं.

संहिता कशी लिहिलेली असावी यावर माझं एक मत आहे. अमेरिकेतल्या व्यवसायोपचार संघटनेची संहिता सहा तत्त्वांवर उभी आहे: हित साधणं, अपाय न करणं, स्वायत्तता, न्याय, सत्य आणि निष्ठा. शब्द भारदस्त आहेत, वर्गात शिकवायला छान आहेत. ब्रिटिश परिषदेच्या दहा मानकांची भाषा त्यामानाने रुक्ष: रुग्णाच्या आणि त्याची काळजी घेणाऱ्याच्या हिताला जपा, आपल्या ज्ञानाच्या मर्यादेत काम करा, दुसऱ्यावर काम सोपवताना नीट सोपवा, धोका दिसला तर कळवा, चूक झाली तर मोकळेपणाने सांगा, नोंदी ठेवा, वगैरे. २०२४ च्या सप्टेंबरपासून यांची सुधारित आवृत्ती लागू आहे. मला ही रुक्ष भाषा अधिक उपयोगाची वाटते. 'निष्ठा' या शब्दाखाली कोणीही काहीही लपवू शकतो. 'चूक झाली तर रुग्णाला सांगा' याखाली काही लपवता येत नाही. आणि दुसरं, ही वाक्यं रुग्णाच्या मुलीलाही वाचून कळतात. संहिता रुग्णाला वाचता येत नसेल तर ती मोडली गेली हे त्याला कळणार कसं?

दोन ठिकाणी तर संहितेने आणखी स्पष्ट बोलायला हवं. एक म्हणजे साधनांची विक्री. स्प्लिंट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, खास चमचे, लहान मुलांसाठी झोके आणि वजनदार जाकिटं. काय घ्यायचं ते आम्ही सांगतो. कुठून घ्यायचं तेही बऱ्याचदा आम्हीच सांगतो. त्या दुकानाशी आमचा काही हिशेब असेल तर तो रुग्णाला सांगितलाच पाहिजे, आणि माझ्या मते असा हिशेब असूच नये. 'मी तर चांगलीच वस्तू सुचवते' हे स्पष्टीकरण मी खूपदा ऐकलंय. चांगली असेलही. पण ती गरजेची होती का, हा प्रश्न कमिशन मिळणाऱ्या माणसाने सोडवायचा नसतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या उपचारांची. स्वमग्न मुलाच्या आईवडिलांइतकं आशेला भुकेलेलं कोणी नसतं, आणि त्या भुकेवर जगणारे लोक प्रत्येक व्यवसायात असतात. सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, हालचाल, तोल अशा संवेदनांचा मेळ बसवायला मुलाला मदत करणं, ही पद्धत आमच्याच व्यवसायातल्या जीन एअर्स यांनी घडवली. तिच्यामागे विचार आहे, काही मुलांना तिने फरक पडतो असं मीही पाहिलं आहे. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये जाहीर निवेदन काढून म्हटलं की सर्वंकष उपचारांतला एक भाग म्हणून अशा थेरपी चालतील, मात्र त्यांच्या परिणामाबद्दलचं संशोधन तोकडं आणि अनिर्णित आहे हे पालकांना सांगितलं जावं. सांगितलं जावं, एवढीच अपेक्षा. 'याचा उपयोग होईल अशी मला आशा आहे, पुरावा अजून पक्का नाही, तीन महिन्यांनी आपण मोजून बघू आणि फरक नसेल तर थांबवू' एवढी वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागतं. त्याऐवजी दिसतात त्या चित्रफिती: मूल पहिल्या दिवशी रडतंय, चाळिसाव्या दिवशी हसतंय, खाली थेरपिस्टचा फोन नंबर. त्या मुलाची परवानगी कोणी घेतली? आईवडिलांनी सही केली असेल. उपचार ज्याच्या हाती आहे त्यानेच पुढे केलेल्या कागदावर सही करताना ते कितपत मोकळे होते? आणि ते मूल सोळा वर्षांचं झाल्यावर ती फीत कुठे कुठे पोचलेली असेल? नोंदणी परिषदांनी अशा चित्रफितींच्या बाबतीत 'शक्यतो टाळावे' वगैरे भाषा सोडून सरळ मनाई करावी, असं मला वाटतं. यावर माझे तरुण सहकारी नाराज होतात, कारण आजकाल रुग्ण तिथूनच येतात. मला त्यांची अडचण कळते. मत बदलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जिथे प्रशिक्षित माणसंच नाहीत तिथे नोंदणी कडक केली तर मिळणारी तुटपुंजी सेवाही बंद पडेल. याला उडवून लावता येत नाही. माझं उत्तर असं की नाव आणि काम यांत फरक करा. नाव राखून ठेवा, प्रत्येक काम राखून ठेवू नका. रोजचे व्यायाम आई करून घेऊ शकते, शेजारी करून घेऊ शकतो, आरोग्यसेविका तर आमच्यापेक्षा चांगले करून घेते. भिंतीला दांडा बसवायला परवाना लागू लागला तर तो नियम रुग्णासाठी नसून आमच्या पोटासाठी आहे हे कोणीही ओळखेल. पण मूल्यमापन कोणाचं, आखणी कोणाची आणि सहाय्यकाच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण, हे एका नोंदलेल्या नावाशी बांधलेलं असावं. काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही. चांगल्या आचारसंहितांमध्ये हे कलम असतंच.

तिसरा आक्षेप मला थोडा अडचणीत टाकतो. ऑस्ट्रेलियात व्यवसायोपचार १ जुलै २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी योजनेत आला. त्याआधी तिथे काही राज्यांत नोंदणी सक्तीची होती, काहींत नव्हती. पण तिथलेच वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आजही त्या योजनेच्या बाहेर आहेत, त्यांची संघटनाच त्यांचं नियमन करते. आभाळ कोसळलेलं नाही. मग कायदा हवाच कशाला? खरं आहे, चांगली संघटना बरंच काही करू शकते. फक्त एक गोष्ट ती करू शकत नाही. ती सदस्याला काढून टाकू शकते, त्याचं दुकान बंद करू शकत नाही. हाकललेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाटीखाली, त्याच खुर्चीत बसू शकतो. कायद्याची नोंदवही हवी ती या दुसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. न्यूझीलंडने या व्यवसायासाठी १९४९ मध्येच कायदा केला. भारतातल्या संघटनेचं नाव १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापकांत आहे, पण दिल्लीचा राज्यापुरता कायदा आला १९९७ मध्ये, महाराष्ट्राचा २००२ चा, आणि साऱ्या देशासाठी पन्नासहून अधिक आरोग्य व्यवसायांना एका छत्राखाली आणणारा कायदा २०२१ मध्ये. जवळजवळ सत्तर वर्षं. आता कायदा आहे तर पुढची भीती वेगळी आहे. परिषद म्हणजे फी भरून घेणारी आणि प्रमाणपत्र छापणारी खिडकी होऊन बसण्याची. असं कुठेही होऊ शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: परिषदेच्या कागदपत्रांत 'नूतनीकरण' हा शब्द किती वेळा येतो आणि 'तक्रार' किती वेळा, ते मोजा.

अमेरिकेत वेगळीच गंमत आहे. संघटनेची संहिता तिच्या सदस्यांना लागू, परीक्षा घेऊन प्रमाणित करणारं राष्ट्रीय मंडळ वेगळं, आणि परवाना देणारं राज्याचं मंडळ आणखी वेगळं. तिन्हींची शिस्त आपापली. कायद्याच्या अभ्यासकाला यात तर्क दिसेल. पडलेल्या आजोबांच्या मुलीला तीन दारं दिसतात, आणि कुठलं वाजवायचं ते तिला ठाऊक नसतं.

सतत शिक्षणाच्या नावाखाली जे चालतं त्याबद्दल थोडक्यात. प्रवेशाला जागतिक महासंघाची अट किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाची आहे आणि ती रास्त आहे. पण माझा अनुभव असा की नवशिका घाबरून विचारतो, म्हणून तो तितका धोक्याचा नसतो. धोका पंधराव्या वर्षी सुरू होतो, जेव्हा विचारायचं बंद होतं. त्यावर उपाय म्हणून व्याख्यानांना हजेरी लावून गुण गोळा करायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. शेवटच्या रांगेत फोन बघत बसलेल्या माणसालाही तेवढेच गुण मिळतात. ब्रिटिश परिषद गुण किंवा तास मोजत नाही. दर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी अडीच टक्के लोकांची नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढते आणि त्यांना विचारते, तुम्ही काय शिकलात आणि त्याने तुमच्या रुग्णाला काय फायदा झाला ते लिहून द्या. या प्रश्नाचा दुसरा भाग मला फार आवडतो. हजेरीच्या पावतीने त्याचं उत्तर देता येत नाही.

थेरपिस्टवर अन्याय होऊ शकतो का? होतो. खोट्या तक्रारी येतात, चौकश्या लांबतात, निर्दोष सुटलेल्या माणसाचीही झोप कायमची जाते. म्हणून मुदती हव्यात, आणि आजारपणाने चुकलेला आणि लबाडीने चुकलेला यांना एका तागडीत तोलू नये. हे बोलून मी पुढे जाते, कारण या बाजूने बोलायला आमची संघटना समर्थ आहे. दुसऱ्या बाजूने बोलायला त्या न्हाणीघरातल्या बाई एकट्या आहेत.

काही वर्षांपूर्वी मी एक सवय लावून घेतली. पहिल्या भेटीत रुग्णाला एक छोटा कागद द्यायचा. त्यावर माझं नाव, नोंदणी क्रमांक, मी काय करू शकते, काय करणार नाही, आणि काही खटकलं तर कुठे कळवायचं तो परिषदेचा पत्ता. मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो बघून विचारलं होतं, 'अगं, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?'

धोंडा पडला, एकदा. एका गृहस्थांनी तक्रार केली. कंपनीत यंत्रावर हात चिरडलेला, मी त्यांचं कामावर परतण्यासाठीचं मूल्यमापन केलं होतं. तक्रार उपचारांबद्दल नव्हती. मी त्यांच्याबद्दलचा अहवाल त्यांच्या मालकाला पाठवला आणि त्यांना तो दाखवला नाही, एवढंच म्हणणं होतं. नियमाप्रमाणे संमतीवर त्यांची सही होती. कशावर सही केली हे त्यांना कळलं नव्हतं, आणि कळलंय का हे मी विचारलं नव्हतं. परिषदेने मला लेखी समज दिली. मी आठ दिवस कोणाशी बोलले नाही.

त्यानंतर अहवाल पाठवण्याआधी मी तो समोर बसून वाचून दाखवते. पहिल्यांदा तसं केलं ते एका शिक्षिकेच्या बाबतीत, त्यांच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं, लाल पेन मागितलं आणि दोन वाक्यं खोडली. फळ्यावर लिहिणं अजून जमत नाही असं मी लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, 'तुम्ही मला फळ्यासमोर उभं कधी केलंत?' केलं नव्हतं.